बास्केटबॉलच्या मैदानावरील बदली

१९६० सालच्या सप्टेंबर महिन्यात रोमच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघाचे नायकत्व ज्या दोन तरुणांकडे संयुक्तपणे सोपविलेले होते ते दोघेही नुकतेच महाविद्यालयाबाहेर पडले होते, दोघांनीही महाविद्यालयीन मैदाने 'फॉरवर्ड' या जागेवरून गाजविली होती, आणि ऑक्टोबर उजाडताच व्यावसायिक संघात दोघांनाही ती परिचित जागा सोडून 'गार्ड' या निराळ्या जागेवर रुजू व्हावयाचे होते. त्यांपैकी एकाचे नाव ऑस्कर रॉबर्टसन, दुसऱ्याचे जेरी वेस्ट. रॉबर्टसनला ही बदली बदलीच वाटली नाही. तो नव्या जागेवर गेला तो जणू स्वतःच्या वाड्यात परत आला. वेस्टला मात्र परक्या मुलखात धाडलेल्या नवशिक्या कारकुनासारखे पहिले वर्ष काढावे लागले. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः वेस्ट हाच आहे, कारण एखादी विद्या कशी घडत जाते हे पाहावयाचे असेल तर ज्याला ती सहज लाभली त्याच्यापेक्षा ज्याने ती बोट बोट पुढे सरकत मिळविली त्याच्याजवळ जाऊन बसावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

बास्केटबॉल आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर दिसतो खरा, परंतु कबड्डी किंवा क्रिकेट यांच्याइतकी त्याची चर्चा आपल्या घरांतून होत नाही. म्हणून त्यातील जागांचा थोडा खुलासा आधी करणे अवश्य आहे. १८९१ सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला. त्या वेळी प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते. पुढे ही संख्या पाचावर स्थिर झाली, आणि टोपलीच्या जागी लोखंडी रिंग आली तरी तिची दहा फुटांची उंची मात्र आजतागायत तीच राहिली. या पाचांत रूढ वाटणी अशी की, सर्वांत उंच असा एक 'सेंटर' रिंगच्या निकट उभा राहतो. त्याच्या दोन्ही अंगांना दोन फॉरवर्ड असतात, ज्यांनी बाजूने चेंडू घेऊन नेम धरावयाचा आणि हुकलेला चेंडू रिंगवरून उसळताच झेपावून पकडावयाचा. आणि रिंगपासून दूर, साऱ्या मैदानाकडे तोंड करून दोन गार्ड असतात, ज्यांच्याकडे चेंडू जमिनीवर टप्पे देत पुढे आणण्याचा, प्रतिपक्षाची व्यूहरचना ओळखण्याचा आणि कोणाला कधी चेंडू द्यावयाचा हे ठरविण्याचा कारभार असतो. उसळलेला चेंडू पकडणे याला खेळाडू 'रिबाउंड' म्हणतात, चेंडू टप्पे देत नेणे याला 'ड्रिबल', आणि ज्या पासमधून लगेच गुण होतो तो पास देणाऱ्याच्या खात्यात 'असिस्ट' म्हणून जमा होतो.

कबड्डी पाहिलेल्या वाचकाला ही गोष्ट अधिक लवकर उमजेल. ज्याने उमेदीची वर्षे डाव्या कोपऱ्यात उभे राहून चढाई करणाऱ्याचा घोटा धरण्यात घालविली, त्याला एके दिवशी 'आजपासून तू चढाईला जा' असे सांगितले, तर त्याचे बळ कमी झालेले नसते, दमही तोच असतो, मैदानाच्या रेषाही हललेल्या नसतात. परंतु काल जो माणूस त्याच्याकडे चालून येत होता तो आज तो स्वतः झालेला असतो, आणि काल जी साखळी त्याच्या हाताला धरून उभी होती ती आज त्याच्या पाठीमागे, त्याला न दिसणाऱ्या अंगाला राहिलेली असते. क्रिकेटमध्येही जागा बदलते. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यात प्रथमच सलामीला गेला आणि त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना स्मरत असेल. पण फलंदाजाचा क्रम बदलला तरी समोर येणाऱ्या चेंडूशी त्याचा व्यवहार एकट्याचाच राहतो. बास्केटबॉलमध्ये जागा बदलली की उरलेल्या चार सोबत्यांशी असलेले नातेच बदलते. काल जो घेणारा होता तो आज देणारा होतो, आणि देण्यासाठी घेणाऱ्याला काय हवे आहे हे त्याच्या आधी ओळखावे लागते.

जेरी वेस्टचा जन्म २८ मे १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ आणि कोळशाच्या खाणींवर जगणाऱ्या राज्यात, चेलियन या लहानशा वस्तीत झाला. वडील खाणीत वीजतंत्री होते. सहा भावंडांत जेरी पाचवा. शेजाऱ्याच्या एका गोदामाला ठोकलेल्या रिंगवर तो मुलगा तासन् तास, चिखल असो की बर्फ असो, एकटाच चेंडू टाकीत राही. १९५१ साली त्याचा वडीलभाऊ डेव्हिड कोरियातील युद्धात मारला गेला, आणि मुळात अबोल असलेला जेरी त्या आघाताने अधिकच स्वतःत मिटला. त्यानंतर तर ती रिंग आणि तो चेंडू एवढेच त्याचे सांगाती उरले. या एकांताचा विचार मी पुष्कळदा केला आहे, कारण माझ्या मते पुढच्या साऱ्या कथेचे बीज त्यात आहे. बास्केटबॉलमधील नेम हा एकट्याने शिकता येतो. मनगटाचा झोल, उडी मारल्यावर चेंडू हातातून सुटण्याचा क्षण, रिंगच्या कडेवर खिळलेली नजर, या सर्वांना दुसऱ्या माणसाची गरज नाही. पास मात्र एकट्याला शिकता येत नाही. गोदामाच्या भिंतीकडे चेंडू फेकला तर तो परत येतो, पण भिंत कधी पुढे धावत नाही, कधी चकवून मागे वळत नाही, कधी डोळ्याने खूण करीत नाही. ज्या मुलाचे बालपण असे गेले तो नेमबाज होणार हे जसे स्वाभाविक, तसेच संघाचा कारभार पाहणे त्याला जड जाणार हेही स्वाभाविकच होते.

शाळेत आरंभी तो इतका ठेंगणा होता की ईस्ट बँक हायस्कूलच्या संघात पहिल्या वर्षी त्याने बहुतेक वेळ बाकावरच काढला. नंतर उंची वाढली, आणि १९५६ साली त्याच्याच जोरावर त्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद मिळविले. गावाला त्याचे इतके कौतुक वाटले की, पुढे कित्येक वर्षे २४ मार्च या दिवसापुरते शाळेचे 'ईस्ट बँक' हे नाव बदलून 'वेस्ट बँक' असे करण्यात येई.

त्यानंतर तो मॉर्गनटाउन येथील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून पहिले वर्ष नवागतांच्या संघात गेले. पुढली तीन वर्षे मात्र त्याने असा खेळ केला की, अवघी ६ फूट ३ इंच उंची असलेला हा तरुण फॉरवर्ड आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये. त्याचे हात शरीराच्या मानाने विलक्षण लांब होते, उडी उंच होती, आणि उसळलेला चेंडू कोठे पडणार हे तो आधी ओळखत असे. अखेरच्या, म्हणजे १९५९-६० च्या हंगामात त्याने सामन्यागणिक सरासरी २९.३ गुण केले आणि १६.५ रिबाउंड घेतले. यांतला दुसरा आकडा त्याच्याहून अर्धा हात उंच असलेल्या खेळाडूंनाही भूषणावह ठरावा असा आहे. त्याआधीच्या वर्षी, २१ मार्च १९५९ रोजी लुईव्हिल येथे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याच्या संघाला कॅलिफोर्निया विद्यापीठाने ७१-७० असे एका गुणाने हरविले. त्या सामन्यात वेस्टने २८ गुण केले, ११ रिबाउंड घेतले, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पराभूत संघातल्या या खेळाडूला मिळाला. परंतु तो एक गुण त्याला आयुष्यभर सलत राहिला. कॅलिफोर्नियाचे प्रशिक्षक पीट न्यूवेल हेच पुढल्या वर्षी रोमला गेलेल्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक होते. ज्यांनी त्याला हरविले त्यांच्याच हाताखाली तो सुवर्णपदक जिंकला.

आता बदलीचे कारण पाहू. व्यावसायिक संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची क्रमाने जी निवड करतात, त्या १९६० च्या निवडीत रॉबर्टसन पहिला आणि वेस्ट दुसरा आला. वेस्टला निवडणारा लेकर्स संघ त्याच उन्हाळ्यात मिनियापोलिसहून लॉस एंजेलिसला स्थलांतरित झाला, आणि वेस्टचे विद्यापीठातील प्रशिक्षक फ्रेड शाउस यांचीच त्या संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. म्हणजे गाव नवे, संघ नवा, पण वरिष्ठ तेच. शाउस यांना आपल्या शिष्याचे गुण जितके ठाऊक होते तितक्या त्याच्या मर्यादाही ठाऊक होत्या. महाविद्यालयात ६ फूट ३ इंचांच्या माणसाला उडीच्या बळावर फॉरवर्ड म्हणून निभावून नेता येते. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत त्याच जागेवर त्याच्यापेक्षा तीन-चार इंच उंच आणि पुष्कळ अधिक वजनाचे पुरुष असत. शिवाय लेकर्सकडे फॉरवर्ड या जागेवर एल्जिन बेलर हा त्या काळातील अद्वितीय खेळाडू होता, ज्याने त्या हंगामात सामन्यागणिक सरासरी ३४.८ गुण केले. बेलर जेथे उभा आहे तेथे दुसऱ्या कोणाला जागा मागण्याचे कारण नव्हते, आणि वेस्टला कायमचे बाकावर ठेवण्याइतका संघ श्रीमंतही नव्हता. तेव्हा त्याला गार्ड व्हावे लागले.

त्याच्यापुढील अडचण पहिल्यांदा हातात होती. फॉरवर्ड म्हणून खेळताना चेंडू त्याच्याकडे बहुधा अशा ठिकाणी येई की एक-दोन टप्प्यांत नेम धरता यावा. लांबवर ड्रिबल करीत येण्याची गरजच पडत नसे. त्यामुळे तो व्यावसायिक खेळात आला तेव्हा उजव्या हाताने चेंडू नेण्यात तरबेज होता, डाव्या हाताने मात्र बराच कच्चा होता. गार्डच्या बाबतीत हा दोष किती घातक आहे हे सांगावयास हवे. समोरचा रक्षक जर जाणत असेल की हा गडी उजवीकडेच वळणार, तर तो अर्धे पाऊल त्या अंगाला सरकून उभा राहतो. एवढ्यानेच अर्धे मैदान बंद होते, आणि चेंडू नेणाऱ्याला एक तर थांबावे लागते, नाही तर रक्षकाच्या अंगावर जावे लागते. ड्रिबलमध्ये चेंडू तळव्याने नव्हे तर बोटांच्या अग्रांनी दाबावयाचा असतो, रक्षक आणि चेंडू यांच्यामध्ये आपले अंग राखावयाचे असते, आणि हे सारे खाली न पाहता करावयाचे असते. ज्याला चेंडूकडे पाहावे लागते त्याला सोबती दिसत नाहीत. आणि ज्याला सोबती दिसत नाहीत तो टप्पे कितीही सफाईने टाकीत असला तरी त्याला गार्ड म्हणता येत नाही. हात बिनचूक व्हावयाचा तो डोळे मोकळे व्हावेत म्हणून.

दुसरी अडचण काळाची होती. महाविद्यालयीन खेळात त्या वेळी नेम मारण्यास कालमर्यादाच नव्हती. ती तेथे १९८५ पर्यंत सार्वत्रिक झाली नाही. व्यावसायिक खेळात मात्र १९५४ पासून चोवीस सेकंदांचा नियम लागू होता, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत तो रिंगच्या दिशेने सुटला पाहिजे. या चोवीस सेकंदांतील पहिले काही चेंडू पलीकडे नेण्यात जातात, काही प्रतिपक्षाची मांडणी पाहण्यात जातात, आणि उरलेल्यांत जो निर्णय घ्यावयाचा तो घेणारा माणूस गार्ड. फॉरवर्डने चूक केली तर एक नेम हुकतो; गार्डने चूक केली तर चारही सोबती चुकीच्या ठिकाणी धावलेले असतात. शिवाय विद्यापीठात वर्षाकाठी तीसएक सामने खेळलेल्या या तरुणाला आता एका हंगामात एकोणऐंशी सामने खेळावयाचे होते, त्यामुळे आजची चूक शांतपणे बसून विचारात घेण्यापूर्वीच उद्याचा सामना येऊन ठेपे.

या सर्वांत भर म्हणून तो लाजाळू होता, त्याचा आवाज बारीक होता, आणि डोंगराळ मुलखातील त्याची बोली लॉस एंजेलिसच्या लोकांना विचित्र वाटे. सोबत्यांनी त्याच्या गावाजवळच्या ओढ्यावरून 'केबिन क्रीकचा झीक' असे त्याचे नाव पाडले होते. संघाचा कारभार पाहणाऱ्या माणसाने मैदानावर मोठ्याने बोलावे, इकडून जा, तिकडून ये असे पुकारावे, ही अपेक्षा असते. जो मुलगा गोदामाजवळच्या रिंगशी मुक्याने बोलत वाढला, त्याला हे पुकारणे डाव्या हाताच्या ड्रिबलहूनही अवघड गेले असले पाहिजे, असे मला वाटते.

शाउस यांनी त्याला सुरुवातीपासून पहिल्या पाचांत घातले नाही. आरंभीच्या सामन्यांत तो राखीव म्हणून बाकावरून उठून येई, थोडा वेळ खेळे आणि परत बसे. अन्य गार्डांबरोबर, म्हणजे फ्रँक सेल्वी आणि त्याच्याच विद्यापीठातून आलेला रॉड हंडली यांच्याबरोबर, त्याला वेळ वाटून घ्यावा लागे. देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीच्या खेळाडूला असे बसविणे वेस्टला मुळीच रुचले नाही, आणि त्याचे ते न रुचणे समजण्यासारखे आहे. तरीही शाउस यांचा निर्णय योग्य होता असेच मी म्हणेन. बाकावर बसलेल्या माणसाला मैदान समोरून, संपूर्ण, आणि स्वतः त्यात नसताना दिसते. बाजूच्या जागेवरून खेळ पाहण्याची ज्याच्या डोळ्यांना सवय झाली आहे त्याला हे दर्शन औषधासारखे असते. त्या पहिल्या हंगामात वेस्टची सरासरी १७.६ गुण, ७.७ रिबाउंड आणि ४.२ असिस्ट अशी होती. यांतला मधला आकडा पाहावा. गार्ड झाल्यावरही तो सामन्यागणिक जवळजवळ आठ रिबाउंड घेत होता, कारण फॉरवर्डच्या जागेवर कमावलेली उडी आणि चेंडूचा अंदाज त्याने नव्या जागेवर बरोबर आणला होता. शेवटचा आकडा मात्र लहान होता, आणि तोच गार्डच्या जमाखर्चाचा खरा आकडा असतो.

त्याच वर्षी त्याच जागेवर आलेल्या रॉबर्टसनने सिनसिनाटी रॉयल्स संघाकडून सरासरी ३०.५ गुण, १०.१ रिबाउंड आणि ९.७ असिस्ट असा पराक्रम केला, आणि नवागत असूनही असिस्टच्या यादीत तो पहिला आला. त्याची उंची ६ फूट ५ इंच, म्हणजे गार्डच्या मानाने फार मोठी. इंडियानापोलिसमधील क्रिस्पस अटक्स या कृष्णवर्णीयांच्या शाळेतर्फे खेळत असल्यापासून चेंडू हाती घेऊन डाव चालविण्याची त्याला सवय होती, आणि विद्यापीठात कागदोपत्री फॉरवर्ड असतानाही ती मोडली नव्हती; म्हणून त्याची बदली केवळ दप्तरातील नोंदीपुरती झाली. दोघांची तुलना करून वेस्टला उणा ठरविणारे त्या वर्षी पुष्कळ निघाले असतील. पण दोघांनी प्रवास कोठून सुरू केला हे विचारात घेतल्याशिवाय ती तुलना न्याय्य होत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या काळात घडले आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. शिकागोच्या दक्षिण भागात १९९३ साली जन्मलेला अँथनी डेव्हिस हा शाळेत असताना साधारण सहा फूट उंचीचा गार्ड होता. चेंडू नेणे, दुरून नेम मारणे, पास देणे हेच त्याचे शिक्षण झाले. मग सुमारे दीड वर्षात तो आठ इंच वाढला आणि शाळा संपेतो ६ फूट १० इंचांचा झाला. वेस्टची बदली प्रशिक्षकाच्या हुकमाने झाली. याची बदली त्याच्या हाडांनी केली. २०११ साली तो केंटकी विद्यापीठात जॉन कॅलिपारी यांच्या संघात दाखल झाला आणि रिंगखालच्या मोठ्या माणसाचे काम त्याच्याकडे आले. उंच मुलांना लहानपणापासून उंची असते, म्हणून ती रिंगखाली उभी राहण्यापलीकडे फारसे शिकत नाहीत. डेव्हिसला ती उशिरा मिळाली, म्हणून त्याच्या लांब देहात एका बुटक्या, चपळ गड्याची पावले शिल्लक राहिली. त्या एकाच हंगामात त्याने प्रतिपक्षाचे १८६ नेम हवेतल्या हवेत अडविले, आणि प्रथम वर्षाच्या खेळाडूंत तो राष्ट्रीय उच्चांक ठरला. २ एप्रिल २०१२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याचे दहापैकी नऊ नेम हुकले, गुण झाले अवघे सहा. तरी १६ रिबाउंड, ६ अडविलेले नेम, ५ असिस्ट आणि ३ हिसकावलेले चेंडू असे त्याचे काम झाले, केंटकीने सामना ६७-५९ असा जिंकला, आणि सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. ६ फूट १० इंचांच्या माणसाचे ते पाच असिस्ट हे त्या जुन्या गार्डचे आहेत. पुढे व्यावसायिक खेळातही सेंटरच्या जागेवर कायम खेळण्याविषयीची नाखुशी त्याने उघडपणे बोलून दाखविली; बदली होऊन कितीही वर्षे लोटली तरी पहिल्या मुक्कामाची ओढ सुटत नाही ती अशी.

वेस्टकडे परत येऊ. दुसऱ्या हंगामात, १९६१-६२ मध्ये, बेलरला लष्करी सेवेसाठी बोलावणे आले आणि तो केवळ ४८ सामने खेळू शकला. संघाचा भार एकाएकी वेस्टवर आला, आणि त्याची सरासरी १७.६ वरून ३०.८ गुणांवर गेली. १७ जानेवारी १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध त्याने एकट्याने ६३ गुण केले. पण माझ्या दृष्टीने त्या वर्षातला खरा क्षण याहून निराळा आहे. एप्रिलमध्ये बोस्टन सेल्टिक्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात गुणफलक ११५-११५ असा होता आणि अखेरचे केवळ तीन सेकंद उरले होते. चेंडू बोस्टनच्या सॅम जोन्सच्या हाती, रेषेबाहेर होता. त्याने तो बॉब कूझीकडे फेकला, आणि वेस्टने तो वाटेतच झेपावून पकडला, रिंगकडे धाव घेतली आणि शेवटची घंटा होता होता चेंडू आत टाकला. आता हा चेंडू त्याने लांब हातांनी पकडला हे खरे. पण जोन्स कोणाकडे टाकणार, कोणत्या वेगाने टाकणार, कूझी कोठे सरकणार, हे ओळखल्यावाचून ते हात तेथे वेळेवर पोहोचलेच नसते. पास देणाऱ्याच्या मनात शिरल्याशिवाय पास हिसकावता येत नाही. दीड वर्षापूर्वी फॉरवर्ड म्हणून आलेल्या माणसाला आता गार्डचे डोळे फुटले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. मालिका मात्र बोस्टननेच जिंकली, सातव्या सामन्यात, जादा वेळात, तीन गुणांनी.

त्याच्या या हिसकावण्याची आणि अडविण्याची मोजदाद फारशी आपल्यापर्यंत आलेली नाही, कारण त्यांची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ मध्ये सुरू केली, आणि तो हंगाम वेस्टचा शेवटचा ठरला. फॉरवर्ड म्हणून कमावलेले जे काही त्याने गार्डच्या जागेवर वापरले, त्यातला मोठा भाग असा नोंदीबाहेरच राहिला आहे.

आपल्याकडे शाळेच्या संघात एखादा मुलगा किंवा मुलगी इतरांपेक्षा वीतभर उंच दिसली की तिला रिंगखाली उभे करण्याची आणि 'फक्त हात वर कर' असे सांगण्याची रीत आहे; सामना उद्यावर आलेला असतो, म्हणून शिक्षकांचाही नाइलाज होतो हे मी जाणतो. तरीही क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना एकाच जागेचे वतनदार करू नये. उंच मुलीला आठवड्यातून एक दिवस तरी चेंडू पलीकडे नेऊ द्यावा, डाव्या हाताने नेऊ द्यावा, आणि ठेंगण्या मुलाला रिंगखाली धक्काबुक्कीत रिबाउंडसाठी झेप घेऊ द्यावी. कोणाची हाडे पुढे किती वाढणार आणि कोणाची वाढ कोठे थांबणार हे त्या वयात कोणासही सांगता येत नाही. आणि जो विद्यार्थी संध्याकाळी एकटाच मैदानावर थांबून नेम धरीत असेल, त्याचे कौतुक करून न थांबता त्याच्यासोबत दुसरा एखादा गडी द्यावा, म्हणजे चेंडू देण्याचीही सवय त्याच्या हाताला लागेल.

वेस्ट १९६२ पासून १९७० पर्यंत सात वेळा अंतिम मालिकेत पोहोचला आणि सातही वेळा हरला. १९६९ मध्ये तर हरलेल्या संघातून मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली, जशी दहा वर्षांपूर्वी लुईव्हिलला झाली होती. १९७१-७२ मध्ये बिल शार्मन लेकर्सचे प्रशिक्षक झाले. बेलर त्या हंगामाच्या आरंभीच निवृत्त झाला, संघाने त्यानंतर लागोपाठ ३३ सामने जिंकले, एकूण ८२ पैकी ६९ जिंकले, आणि अखेर अजिंक्यपद मिळविले. वेस्टच्या चौदा वर्षांच्या कारकिर्दीतील ते एकमेव. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. डाव्या हाताने चेंडू नेता न येणारा, चेलियनच्या गोदामाजवळ एकटा नेम धरीत वाढलेला हा माणूस त्या हंगामात साऱ्या एनबीएमध्ये असिस्टच्या यादीत पहिला आला, आणि त्याची सरासरी होती ९.७, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ऑस्कर रॉबर्टसनने पहिल्याच हंगामात नोंदविली होती तेवढीच.